बॅकअप इमेज: सॉफ्टवेअरचं कुलूप की कपाटातली डिस्क?

जळगावच्या घरी केळीच्या बागेचे सगळे हिशेब एकाच कॉम्प्युटरवर आहेत, म्हणून बॅकअप इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल, जपायचे दोन्ही उपाय करून पाहिले.

एक, मॅक्रियम रिफ्लेक्ट या बॅकअप घेणाऱ्या प्रोग्राममधलं इमेज गार्डियन, म्हणजेच सॉफ्टवेअरचं कुलूप. इमेजची फाइल वाचता येते, पण मॅक्रियम सोडून दुसऱ्या प्रोग्रामला ती बदलता येत नाही. मी मुद्दाम डिलीट करायला गेलो, तर लगेच नकार आला. २०१७च्या वॉनाक्रायसारखं रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं, तर ही भिंत कामी येते. शिवाय रोजचा बॅकअप आपोआप होतो.

दुसरा, यूएसबी डिस्क: इमेज घेतली की इजेक्ट करून वायर काढायची, डिस्क कपाटात. दर रविवारी आठवण ठेवावी लागते, हे खरं. पण वळवाच्या पावसात विजा कडाडतात, लाइट जाते-येते, तेव्हा जोडलेली डिस्क कॉम्प्युटरसोबतच जळू शकते. तिथे कुलूप काय करणार? सुटी डिस्क शाबूत राहते. फक्त मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की ती पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका.

एकच निवडायचं तर मी सुटी डिस्क घेईन. महिन्यातून एकदा इमेज व्हेरिफाय करा, म्हणजे ती बिघडली नाही ना ते प्रोग्रामकडून तपासून घ्या, आतली एखादी फाइल उघडूनही बघा.