ताऱ्यांवरून दिशा: अपोलोचा सेक्स्टंट की आजचा स्टार ट्रॅकर?

अपोलो चांद्रमोहिमांत अंतराळवीर सेक्स्टंटला (कोन मोजायच्या दुर्बिणीला) डोळा लावून ठरलेल्या 37 ताऱ्यांपैकी दोन हेरायचे, बटण दाबायचे. यानाचा रोख संगणक काढायचा. डिसेंबर 1968मध्ये अपोलो 8वर जिम लव्हेल यांच्याकडून चुकीचा आदेश गेला आणि संगणक दिशाच विसरला! शेवटी राजन्य आणि व्याध (आपले ओळखीचेच की!) शोधून गाडी रुळावर आली.

स्टार ट्रॅकरला असली कसरत नाही. कॅमेरा फोटो काढतो, ताऱ्यांमधली कोनीय अंतरं हजारो ताऱ्यांच्या यादीशी ताडतो आणि काही विकलांइतकं (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) अचूक उत्तर देतो. रोजच्या कामाला मी हाच घेईन. सूर्य समोर आला की मात्र तो आंधळा. अपोलो 13भोवती स्फोटानंतर पसरलेल्या चमचमत्या कचऱ्यात तारे ओळखू येईनात, तेव्हा माणसांनी सूर्यावरूनच रोख तपासला होता.