विरजण युनिटमध्ये वाढवावे की थेट पाकीट घालावे?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात दही-श्रीखंडाचे छोटे युनिट काढणाऱ्याने विरजणाचा निर्णय लिटरमागच्या खर्चावर घेऊ नये. वीज आणि माणूस यांचा भरवसा आधी पाहावा.

शीतशुष्क कल्चरची, म्हणजे गोठवून सुकवलेल्या विरजण-जीवाणूंच्या भुकटीची, पाकिटे उणे १८ अंश सेल्सिअसला साठवावी लागतात, म्हणून वीज गेली की ती वाया जातील, अशी भीती अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ही भुकटी काही दिवस साध्या तापमानालाही तग धरते; कुरिअरने येते ती त्यामुळेच. (उणे ४५ अंशांची गरज असलेले गोठवलेले कल्चर मात्र आपल्याकडे विचारातच घेऊ नये.) पाकिटाला खरा धोका पावसाळी हवेचा आहे. अर्धे वापरून गुंडाळून ठेवलेल्या पाकिटात दमट हवा शिरते, भुकटीचे खडे होतात आणि जीवाणू मरू लागतात. शिवाय चमच्याने वाटणी केली, तर मिश्रणातल्या प्रजातींचे प्रमाण प्रत्येक वेळी सारखे येईलच असे नाही. म्हणून एका घाण्याला पुरेल एवढेच पाकीट मागवावे.

युनिटमध्ये वाढवलेले विरजण जोमदार असते आणि दही लवकर लागते, हे खरे. परंतु त्यासाठी दूध ९० ते ९५ अंशांवर अर्धा-पाऊण तास तापवून, ४२-४३ अंशांपर्यंत निववून, एक-दोन टक्के मूळ विरजण घालावे लागते आणि तीन-चार तासांनी आम्लता ०.८ ते ०.९ टक्क्यांवर पोचताच ते झटपट थंड करावे लागते. नेमकी त्याच वेळी वीज गेली, तर आम्लता वाढतच राहते, विरजणातले स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हे जीवाणू खचतात, लॅक्टोबॅसिलस वरचढ होतात आणि पुढचा घाणा आंबट उतरतो. निसर्ग चक्रीवादळानंतर जून २०२० मध्ये रायगड-दापोलीकडची गावे कित्येक दिवस अंधारात होती, हे विसरून चालणार नाही. त्यात रोजच्या संवर्धनात, म्हणजे विरजण वाढवताना, निवळीच्या (दह्यातून सुटणाऱ्या पाण्याच्या) तुषारांतून जीवाणूभक्षी विषाणू शिरले, तर विरजण लागतच नाही. दुधातले पेनिसिलिन या जीवाणूनाशक औषधाचे अंश मात्र दोन्ही पद्धतींना सारखेच नडतात. तेव्हा कल्चरला दोष देण्याआधी दूध तपासावे.

रोज मोठे उत्पादन, आपोआप सुरू होणारा जनरेटर आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला माणूस, हे तिन्ही असेल तरच स्वतःचे संवर्धन करावे. त्यासाठी शुद्ध प्रजाती पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील किंवा कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेतील संग्रहातून घ्याव्यात, कालच्या दह्यातून नव्हे. बाकीच्यांनी पाकीटच घ्यावे आणि जीवाणूभक्षी विषाणूंना जोर धरू न देण्यासाठी वेगवेगळ्या जीवाणू-वाणांची किमान दोन कल्चरे आलटून-पालटून वापरता येतील, असा करार पुरवठादाराशी सुरुवातीलाच करावा.