बागेतलं हवामान यंत्र : रात्रीच्या इशाऱ्यासाठी घ्या, हंगामाच्या अंदाजासाठी नको

निफाड तालुक्यात, कडवा नदीच्या काठाला आमची थॉमसन द्राक्षांची बाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या आधी दीर, मी आणि दोन बांधकरी अशा चौघांनी वर्गणी काढून हे यंत्र बसवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. तालुक्यात अशी बरीच यंत्रं आहेत आणि माल थोड्याफार फरकाने सारखाच.

आधी नावडतं सांगते. पॅकेजमध्ये 'हिवाळा अहवाल' येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी किमान तापमान सरासरीपेक्षा किंचित जास्त राहील, असं त्यात रंगीत नकाशासकट होतं. असला तीन महिन्यांचा अंदाज हवामान खातं डिसेंबरच्या तोंडावर फुकट देतं. शिवाय सरासरी घेऊन करायचं काय? बागेला नडतात त्या मोजक्या रात्री. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली) येऊन गेला, आभाळ मोकळं झालं, उत्तरेचा वारा सुटला की निफाडचा पारा धाडकन खाली येतो, मग हंगाम सरासरीने उबदार का असेना. विकायला आलेला मुलगा तर गारपिटीचाही अंदाज मिळेल म्हणत होता. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट ज्यांनी पाहिली आहे त्यांच्यापुढे हे बोलायला धाडस लागतं.

पण रात्रीचा इशारा, तो मात्र पैसे वसूल आहे. पेपरात निफाडचा म्हणून जो आकडा येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. आमची बाग खोलगटात, नदीकडेला. थंड हवा जड, ती उताराने येऊन इथेच साचते. वरच्या माळावरच्या बागेत आणि आमच्यात एकाच पहाटे दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो, हे यंत्रामुळे आकड्यात दिसलं. पारा आम्ही ठरवलेल्या आठ अंशांच्या खाली जायला लागला की फोन वाजतो. नुसता मेसेज नाही, फोन, हे फार बरं केलंय. पहाटे तीनला मेसेज कोण बघतंय? मग ठिबक सुरू करायचं, कारण ओली जमीन ऊब धरून ठेवते, आणि बांधाला शेकोट्या पेटवून धूर करायचा. मण्यात पाणी उतरायच्या दिवसांत रात्री कडाका आणि दुपारी ऊन असं झालं की मणी गुलाबी पडतात आणि निर्यातीचा माल लोकल बाजाराला जातो. आमच्याकडे यंदा गुलाबी मणी निघाले, पण कडेच्या ओळींतच.

एक गोची आहे. इशारा येतो तेव्हा ठिबकच्या मोटरीला लागणारी थ्री-फेज लाईट असेलच असं नाही. शेतीची लाईट रात्रपाळीची असेल त्या आठवड्यात ठीक, दिवसपाळीची असेल तर फोन ऐकून नुसत्या शेकोट्याच. यात यंत्राचा दोष नाही, पण घेण्याआधी हा हिशेब धरा.

पानावरचा ओलावा मोजणारा सेन्सरही कामाचा निघाला. ढगाळ आठवड्यात शेजारी धास्तीने डाउनीचे (ओलाव्यात पानांवर येणाऱ्या बुरशीचे) फवारे मारत होते, तेव्हा आमची पानं लवकर सुकतायत हे दिसत होतं, म्हणून काही फवारे टाळले. फवारणीच्या सल्ल्यासाठी मात्र मी सरकारी मेघदूत ॲपच बघते. मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीत येतो, आणि त्यात कोणाला औषध विकायचं नसतं.

पाचपैकी साडेतीन तारे. पुढच्या वर्षी फक्त इशाऱ्याचं रिचार्ज द्या म्हटलं तर कंपनी म्हणते पॅकेज अख्खंच घ्यावं लागेल. चौघांत परवडतं, एकट्याने घेऊ नये. आणि बसवायला येणारी माणसं तापमानाचा सेन्सर मंडपाच्या वर खांबाला ठोकून मोकळी होतात. तिथली हवा खालच्यापेक्षा उबदार दाखवते. तो घडांच्या उंचीवर बांधून घ्या, उरलेले पैसे त्यानंतरच द्या.