रशचा 'मूव्हिंग पिक्चर्स', इतक्या वर्षांनी परत

कॉलेजात आमच्याकडे मेटालिकाचं राज्य, त्यामुळे रश म्हणजे चिरक्या आवाजाचा गायक आणि लांबलचक गणितं असं म्हणून सोडून दिलेला बँड. आता हेडफोन लावून त्यांचा 1981 चा 'मूव्हिंग पिक्चर्स' हा अल्बम नीट ऐकला आणि काय सांगू, कडक आहे राव! कॅनडाचे तिघंच जण पण आवाज भरगच्च, कारण गेडी ली बेस गिटार वाजवता वाजवता गातो, कीबोर्ड सांभाळतो, वर पायाने पेडलवर सिंथेसायझरचे सूर पण दाबतो. 'वाय वाय झी' नुसतं वाद्यांचं आहे, YYZ या टोरंटो एअरपोर्टच्या कोडची मोर्स कोडमधली लांब-आखूड टिकटिक, डा-डिट-डा-डा वगैरे, तीच सुरुवातीला ठेका म्हणून ठोकलीय, दहा मात्रांचा हिशोब, झपतालाएवढाच पण वजनं भलतीकडेच. आणि नील पीअर्टचे ड्रम्स! (बहुतेक गाणी पण तोच लिहायचा, 2020 मध्ये गेला बिचारा.) आवाज चिरका आहेच, त्यात बदल नाही, दोन गाण्यांत सवय होते. 'द कॅमेरा आय' मात्र जवळपास अकरा मिनिटं, मला अजूनही ताणलेलंच वाटतं. नवीन असाल तर थेट 'लाइमलाइट' लावा, त्यातला अ‍ॅलेक्स लाइफसनचा गिटार सोलो चुकवू नका.