विलीज घेताय? बोनेट नंतर उघडा, आधी खाली वाकून चेसिस बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात "विलीज आहे, घेणार काय?" असं कुणी म्हटलं की किंमत नंतर विचारावी. आधी बघायचं ते हे, की गाडी खरंच विलीज, म्हणजे मूळ अमेरिकन जीप, आहे की इथे बनलेली महिंद्र. आपल्याकडे दोन्हीला सरसकट विलीजच म्हणतात. त्यात फसवणूक असतेच असं नाही. महिंद्रने १९४९ मध्ये मुंबईत विलीजचेच सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे विलीजची सीजे-३बी ही जीप परवान्यावर इथेच बनवली. त्यामुळे दोघींचा सांगाडा बहिणी-बहिणींसारखा आहे. पण विकणारा "वॉर टाइम", म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली, म्हणून दुप्पट सांगत असेल, तर पँटीला माती लागली तरी चालेल, खाली शिरून बघा.

युद्धातली विलीज एमबी ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. स्टिअरिंग डावीकडे, तोंडाच्या जाळीला नऊ फटी, मागे उघडणारा फाळका नाही, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. हेडलाइट आतल्या बाजूला उलटे फिरतात, म्हणजे रात्री इंजिनवर उजेड पडतो. आता रेडिएटरच्या खाली चेसिसचा पुढचा आडवा दांडा बघा. गोल नळी असेल तर विलीज. उलट्या यू आकाराचा पत्रा असेल तर ती फोर्डने बनवलेली जीपीडब्ल्यू. फोर्डने बोल्टांवर एफ अक्षरही ठोकलं होतं. फाळका आणि सात फटी दिसल्या तर गाडी युद्धानंतरची, सामान्य लोकांसाठी काढलेली सीजे. त्यातही काच दोन तुकड्यांची असेल तर २ए, एकसंध असेल तर ३ए, आणि बोनेट कपाळासारखं उंच असेल तर ३बी. उजव्या हाताचं स्टिअरिंग असलेली, उंच बोनेटची जीप आपल्याकडे जवळजवळ नेहमी महिंद्रच निघते. तीही चांगली गाडी आहे, फक्त तिचे पैसे महिंद्रचे द्यावेत.

कंपनीची कथा थोडक्यात अशी. जॉन नॉर्थ विलीज यांनी १९०८ मध्ये ओव्हरलँड कंपनी ताब्यात घेतली आणि कारखाना ओहायोतल्या टोलीडो शहरात नेला. पहिल्या महायुद्धाच्या आसपास अमेरिकेत फोर्डच्या खालोखाल यांच्याच गाड्या खपत. मंदीत कंपनी झोपली, १९३३ मध्ये दिवाळखोरीत गेली. १९४० मध्ये सैन्याने हलक्या गाडीची मागणी काढली तेव्हा पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीने दिला. विलीजचा नमुना वजनात मार खात होता, पण बार्नी रूस या इंजिनिअरने जुन्या ४८ हॉर्सपॉवरच्या इंजिनातून ६० काढले होते. त्या इंजिनानेच कंत्राट आणलं. युद्ध संपेपर्यंत विलीजने साडेतीन लाखांवर आणि फोर्डने पावणेतीन लाखांवर जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला ट्रेलर आले. १९५३ मध्ये कैसरने विलीज विकत घेतली आणि १९६३ मध्ये कंपनीच्या पाटीवरून विलीज हे नाव उतरलं. जीप हे नाव मात्र हातोहात फिरत आजही चालू आहे.

आता इंजिन. एमबी, २ए आणि ३ए मध्ये एल-१३४, म्हणजे २१९९ सीसीचं, चारही सिलिंडरचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं. ३बी मध्ये एफ-१३४: आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये, बाहेर सोडणारे ब्लॉकमध्ये. इंजिन उंच झालं म्हणून बोनेट उंच झालं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७९ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, १११ मिमी. इतका लांब स्ट्रोक असल्यामुळे जांबोटीच्या चढाला गाडी कुरकुर न करता ओढते, आणि त्याच कारणाने हायवेला दम टाकते. ३बी ला मागच्या एक्सलचं गिअर रेशो ५.३८ आहे. ६.००-१६ टायरवर ताशी ६० किमीला इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांच्या वर असतं आणि ८० ला सव्वातीन हजारांवर. कमाल ताकदच ४००० फेऱ्यांना आहे. पुणे-बंगळूर हायवेवर ६० च्या पुढे रेटलीत तर मेन बेअरिंग तुम्हाला बिल पाठवणार.

घेताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. गेज शंभर पीएसआयच्या आसपास थांबायला हवा, आणि चार सिलिंडरांत दहाहून जास्त फरक नको. दोन शेजारच्या सिलिंडरांत एकदम कमी आलं तर हेड गॅस्केट. एकातच कमी असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला असेल, किंवा त्याच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत ब्लॉकला तडा गेला असेल. हा तडा या इंजिनाचा जुना आजार आहे. ब्लॉकच्या मागच्या टोकाला गाळ साठतो, तिथे पाणी फिरत नाही आणि तो भाग तापत राहतो. तडा आहे म्हणून घाबरून जायचं कारण नाही, आपल्या गावाचा फायदा इथेच आहे. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि मशीनिंग पिढ्यान् पिढ्या चालतं. बिडाच्या ब्लॉकला स्टिचिंग (वेल्डिंगशिवाय तडा सांधणं), बोअरिंग, स्लीव्ह, क्रँक ग्राइंडिंग या कामांसाठी मुंबई-पुण्याला धावावं लागत नाही. मात्र मेस्त्रीला सांगून आधी वेल्श प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची बुचं) काढून पाण्याचे कप्पे पूर्ण साफ करून घ्या. नाहीतर नवा स्लीव्ह घालून तोच गाळ आत ठेवल्यासारखं होतं.

सेटिंगचे आकडे कागदावर लिहून गॅरेजात द्या, तोंडी सांगू नका. पॉइंट गॅप ०.०२० इंच, प्लग गॅप ०.०३० इंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर (इंचात): एल-१३४ ला सगळे ०.०१६, एफ-१३४ ला इनटेक ०.०१८ आणि एक्झॉस्ट ०.०१६. "थोडं ढिलं बरं असतं" म्हणणारा मेस्त्री भेटतोच. टॅपेटची टकटक त्याला आवडते, व्हॉल्व्हला नाही. ऑइल, फिल्टरमधलं सोडून, चार लिटरच्या आत बसतं. मूळ फिल्टर बायपास पद्धतीचा असल्याने सगळं ऑइल त्यातून जात नाही, म्हणून दर दोन हजार किलोमीटरला बदलणं स्वस्त पडतं.

पेट्रोलची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल येतं. जुन्या रबराचे पाइप आणि मेकॅनिकल पंपातला डायफ्रॅम त्याने फुगतो, मऊ पडतो. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल थेट ऑइल चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर गाडी तिथेच बंद करा. विटॉन रबराचा डायफ्रॅम आणि इथेनॉल चालणारे पाइप ही पहिल्या दिवसाची खरेदी. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा, कारण इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते. उन्हाळ्यात अथणी-रायबागकडे गाडी मध्येच बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू होत असेल, तर तो व्हेपर लॉक, म्हणजे नळीतच पेट्रोलची वाफ होऊन अडणं. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब घ्या. पंपावर ओलं फडकं टाकण्याचा जुना उपाय अजूनही लागू पडतो.

गिअरबॉक्स टी-९०, तीन गिअर (एमबी ला टी-८४). पहिल्याला सिंक्रो (गिअर सहज जुळवणारी रिंग) नाही, तेव्हा गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नका. उतारावर पाय काढल्यावर दुसरा गिअर निसटतो ही नेहमीची तक्रार. लगेच गिअरबॉक्स खोलायचा नाही. आधी गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) यांच्यामधले बोल्ट आवळून बघा, मग वरच्या झाकणातल्या गोळी-स्प्रिंग बदला, आणि सिंक्रोला हात शेवटी लावा. ऑइल ९० नंबरचं, जीएल-४ दर्जाचं. दुकानदार जीएल-५ पुढे करील, ते घेऊ नका. त्यातली गंधकाची रसायनं पितळेच्या सिंक्रो रिंगा खातात.

डाना १८ ट्रान्सफर केसचा रडका आवाज बहुतेक वेळा मधल्या शाफ्टमुळे येतो. शाफ्ट आणि त्याचं रोलर बेअरिंग झिजतं. नवा आणताना माप घेऊन जा. हा शाफ्ट तीन जाडींत आला आहे: पाऊण इंच, सव्वा इंच आणि त्यांच्या मधला एक इंच आणि एक अष्टमांश. फोटो दाखवून मागवलेला शाफ्ट परत पाठवायची वेळ येते. गिअरबॉक्सचं ऑइल कमी आणि ट्रान्सफरचं जास्त होत असेल, तर मधल्या सीलमधून एकीकडून दुसरीकडे जातंय. थेंब खाली पडत नाही म्हणून गळती नाही असं समजू नका.

पुढचा एक्सल सर्वांत जास्त दुर्लक्षित. ४०-४५ च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं की लोक थेट टायर बदलतात. खरा दोष असतो मधल्या बेलक्रँकच्या (स्टिअरिंगची ओढ दोन्ही चाकांकडे वळवणारा तुकडा) बुशात, नाहीतर किंगपिनच्या (चाक ज्यावर वळतं तो खिळा) बेअरिंगात. चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. किंगपिनला खेळ दिसला तर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून घट्ट करा. सील काढलेलं असताना स्टिअरिंग आर्मच्या टोकाला स्प्रिंगकाटा लावून ओढल्यावर साडेपाच ते सात किलोला हललं पाहिजे. टो-इन (पुढची चाकं समोर किंचित आत वळलेली असणं) फक्त १.२ ते २.४ मिमी. हे केल्याशिवाय स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळत बसलात तर बॉक्सही जाईल.

ब्रेक चारही ड्रमचे, सर्किट एकच. म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. मास्टर सिलिंडर पायाखाली, फळीच्या खाली आहे. कणकुंबीच्या लाल चिखलात त्याचं झाकण शोधावं लागतं, म्हणून कोणी लेव्हल बघत नाही. दर आठवड्याला बघा. चोर्ला घाटात उतरताना दुसऱ्या गिअरवर या, ब्रेकवर नाही. हँडब्रेक चाकांना नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमला आहे. मागचं सील गळलं की तोच ड्रम ऑइलने माखतो आणि चढावर गाडी थांबत नाही.

बॉडीला लोहचुंबक लावून फिरवा. लांबी (पुट्टी) जाड भरलेली असेल तिथे चिकटणार नाही. एमबी मध्ये फ्लोअरच्या खालच्या टोपीच्या आकाराच्या पट्टीत लाकूड भरलेलं असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून जातो. टाकीखालची पाणी निघायची भोकं चिखलाने बुजली तर तिथेही तेच. उत्तरेत हरियाणातल्या डबवालीकडून येणाऱ्या नव्या बॉडी दिसायला झकास असतात, पण त्या बसवल्यावर "मूळ गाडी" हा शब्द वापरू नये.

कागदपत्रं हा सीमाभागातला वेगळाच विषय. कोल्हापूर किंवा गडहिंग्लजकडून एमएच पासिंगची गाडी घेऊन बेळगावात ठेवायची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आधी हातात घ्या. मग इथे नवा नंबर आणि कर्नाटकचा टॅक्स. वर्षापेक्षा जास्त काळ बाहेरच्या नंबरवर चालवता येत नाही. आरसी वर इंजिन नंबर जुळतो का ते ब्लॉकवर, पाणी पंपाच्या जवळ उजव्या बाजूला, स्वतः वाचा. कारण कित्येक जीपमधलं पेट्रोल इंजिन काढून प्यूजोचं २११२ सीसी डिझेल बसवलेलं आहे आणि कागदावर अजून पेट्रोलच आहे. सैन्याच्या लिलावातली असेल तर लष्करी अधिकाऱ्याच्या सहीचा फॉर्म २१ लागतो. तो नसलेली गाडी शोभेची. पन्नास वर्षांवरच्या मूळ अवस्थेतल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हीए मालिकेचा विंटेज नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग ती रोज बाजाराला नेता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच. शेतावर जायला गाडी हवी असलेल्याने या भानगडीत पडू नये, नेहमीच्या नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण बरं.

रोजच्या वापराला महिंद्र ३बी घ्या, भाग सहज मिळतात. एमबी ज्याच्याकडे दुसरी गाडी आणि थोडी चिकाटी आहे त्यानेच घ्यावी. आणि घेतलीत तर पंक्चरवाल्या पोराला आधीच सांगून ठेवा: डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, स्टडच्या टोकावर एल ठोकलेला दिसेल. न सांगता पाना लावला की तो उघडतोय असं समजून आवळत जातो, आणि पहिल्याच पंक्चरला दोन स्टड तुटतात.