एनसीडी मंडळी सर्वेक्षण: प्रकृती कळते, शिष्यत्व कळत नाही

रविवारची हजेरी, वर्षभरातले बाप्तिस्मे आणि अर्पणाची रक्कम, बहुतेक मंडळ्यांचा (म्हणजे चर्चचा) वार्षिक अहवाल एवढ्यावर संपतो. हे आकडे मोजायला सोपे, म्हणून मोजले जातात. जर्मनीच्या ख्रिश्चन श्वार्ट्स यांनी उभी केलेली ‘नॅचरल चर्च डेव्हलपमेंट’ (एनसीडी) ही सर्वेक्षण सेवा त्यापलीकडे पाहते. 1990च्या दशकात 32 देशांतल्या हजारभर मंडळ्यांची पाहणी करून तिची मांडणी झाली.

पद्धत सरळ आहे. मंडळीतले 30 जण प्रश्नावली भरतात, पाळकांचा फॉर्म वेगळा. त्यातून आठ घटकांचे गुण निघतात: इतरांना घडवणारे नेतृत्व, कृपादानांनुसार (देवाने ज्याला जी देणगी दिली तिच्यानुसार) सेवा, उत्कट आध्यात्मिकता, उपयोगी रचना, प्रेरणादायी उपासना, जीवनाला भिडणारे लहान गट, गरज ओळखून सुवार्ताकार्य आणि प्रेमाचे संबंध. सर्वांत कमी गुणांचा घटक आधी सुधारायचा. पिंपात पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच राहते, हे श्वार्ट्स यांचेच उदाहरण. सल्ला म्हणून हे उत्तम, कारण मंडळ्यांना जे आधीच छान जमते त्यावरच आणखी खर्च करायची खोड असते.

गुण वाचताना मात्र हमखास घोळ होतो. हे टक्के नव्हेत. सरासरी 50 धरलेली असते आणि साधारण दोन-तृतीयांश मंडळ्या 35 ते 65 मध्ये बसतात. त्यामुळे 42 म्हणजे नापास नव्हे, आणि पुढच्या वेळी 45 आले म्हणून साक्ष द्यायला उठण्याचेही कारण नाही. 30 जणांच्या उत्तरांत तीन-चार गुणांचा फरक माणसे बदलली तरी पडतो. आठही घटक 65 वर गेले की मंडळी वाढतेच, हा श्वार्ट्स यांचा दावाही जपून घ्यावा. दोन गोष्टी सोबत आढळल्या, तरी एक दुसरीचे कारण आहे हे सिद्ध होत नाही.

खरी अडचण निवडीत आहे. प्रश्नावली मंडळीच्या गाभ्यातल्या, सेवेत गुंतलेल्या लोकांसाठी आहे. मागच्या बाकावर बसून निघून जाणाऱ्याचे त्यात काहीच येत नाही. त्यात पाळकांनी आपल्या मर्जीतली 30 नावे दिली, तर ‘प्रेमाचे संबंध’ भरघोस निघणारच. नावे वडीलमंडळाने (मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांनी) निकष लावून काढावीत. फॉर्म एकत्र बसून, पण आपसांत न बोलता, नाव न लिहिता भरावेत.

शिष्यत्वासाठी, म्हणजे येशूची शिकवण जगण्यात किती उतरली हे कळण्यासाठी, ही सेवा पुरत नाही. बायबलमध्ये मत्तय 28:20 येथे आज्ञा ‘पाळायला’ शिकवा असे आहे, आणि पाळणे फॉर्मवर दिसत नाही. त्यासाठी वहीच बरी. लहान गटात दर आठवड्याला प्रत्येकाने वचनातून एक ठरावीक कृती निवडावी (‘जास्त प्रार्थना करीन’ चालणार नाही, ‘भावाशी बोलणे सुरू करीन’ चालेल) आणि पुढच्या बैठकीत केली का, ते सांगावे. दुसरी नोंद 2 तीमथ्य 2:2 प्रमाणे: प्रेषित पौल, त्याचा शिष्य तीमथ्य, विश्वासू माणसे, मग इतर, अशा चार पिढ्या. कोण कोणाला शिकवतो, हे नावांनिशी लिहावे. साखळी बहुधा दुसऱ्या नावापाशीच तुटते. म्हणजे शिकणारा वर्षानुवर्षे शिकतच राहतो, त्याच्या हाती कोणी सोपवले जात नाही. हजेरी दुप्पट झाली तरी हे लपते.

ही वही गटातच ठेवावी. आकडे व्यासपीठावरून वाचले, गटांची तुलना झाली, की पुढाऱ्यांच्या नोंदी फुगू लागतात.

तीसेक सेवेकरी असलेल्या, निकाल कटू निघाला तरी वडीलमंडळासमोर मांडायची तयारी असलेल्या मंडळीने हे सर्वेक्षण जरूर घ्यावे आणि वर्षाने पुन्हा करावे. घरात जमणाऱ्या पंधरा-वीस जणांच्या संगतीला वही पुरेशी आहे.