अधिवेशनापूर्वीचे आमदार संपर्क कार्यालय : एक अभिप्राय

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर आमच्या आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयाने प्राधान्यक्रमाचे पत्रक काढले असून, त्यात कपाशी व सोयाबीनची हमीभावाने खरेदी, कृषिपंपांना दिवसा वीज आणि पांदण रस्ते यांना पहिले स्थान दिले आहे, ही निवड योग्य वाटते. निवेदनाची पोच लगेच मिळते. मात्र कोणता विषय तारांकित प्रश्नातून (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) आणि कोणता लक्षवेधी सूचनेतून (जिच्याद्वारे तातडीच्या सार्वजनिक विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधले जाते) मांडणार, हे पत्रकात कुठेच नाही. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळ वर्षातून एकदा विदर्भात येत असताना (तेही बहुधा मोजक्याच दिवसांसाठी) एवढा तपशील मागणे गैर नाही. सिंचन अनुशेषाला, म्हणजे विदर्भात मागे राहिलेल्या सिंचनाच्या कामांना, जेमतेम एक ओळ मिळाली आहे, सत्कारांच्या छायाचित्रांना अख्खे पान.